एम३ की जीटी-आर: एकाच नियमपुस्तकाची दोन उत्तरे

घाटमाथा

रविवारी सकाळी टेकडी उतरल्यावर चहाच्या टपरीवर आमच्या चौघांत जो वाद पेटला, तो तीन कप चहा झाला तरी मिटला नाही, म्हणून इथे मांडतो आहे. बीएमडब्ल्यूची पहिली एम३, म्हणजे ई३० पिढीतली, आणि निस्सानची स्कायलाइन जीटी-आर, म्हणजे आर३२, या दोन गाड्यांत थोर कोणती? वेगवान कोणती असे मी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर शाळकरी मुलालाही ठाऊक आहे: जीटी-आर शून्यावरून शंभरपर्यंत पाच सेकंदांच्या आसपास पोचते आणि एम३ला त्याहून दीड-दोन सेकंद जास्त लागतात.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९८०च्या दशकात टूरिंग गाड्यांच्या शर्यती ग्रुप ए नावाच्या नियमांनी चालत. शर्यतीत उतरवायची गाडी कारखान्याने बारा महिन्यांत किमान ५००० इतक्या संख्येने बनवलेली असली पाहिजे, ही त्यातली मुख्य अट होती. शर्यतीसाठी गाडीत पुढे काय बदलता येईल यावर बंधने असल्यामुळे जे काही हवे ते मुळातच रस्त्यावरच्या गाडीत घालून ठेवावे लागे. एम३ आणि जीटी-आर या दोन्ही गाड्या या एका अटीपोटी जन्मल्या, आणि म्हणूनच त्यांची तुलना रास्त ठरते.

माझे मत एम३च्या बाजूने आहे. तिच्या इंजिनाची कथा अनेकांनी ऐकली असेल. बीएमडब्ल्यूचे प्रमुख एबरहार्ड फोन क्युनहाइम यांनी इंजिन विभागाच्या पॉल रोशे यांना तीन-मालिकेसाठी एक चांगले इंजिन करायला सांगितले. रोशे यांच्याकडे १९६०च्या दशकापासून चालत आलेला चार सिलिंडरचा बिडाचा ब्लॉक होता आणि एम१ या सुपरकारच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचे चोवीस व्हॉल्व्हचे हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा वरचा भाग, होते. दोन्हींत सिलिंडरांमधले अंतर सारखेच असल्यामुळे त्यांनी हेडचा दोन सिलिंडरांइतका भाग कापून टाकला, उघड्या पडलेल्या बाजूला पट्टी मारली आणि दोन आठवड्यांत पहिले इंजिन उभे केले. एस१४ या नावाने ओळखले जाणारे हे २३०२ सीसीचे इंजिन टर्बोशिवाय, म्हणजे जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या पंख्याशिवाय, २०० अश्वशक्ती देत असे.

नोकरीनिमित्त चार वर्षे मी स्टुटगार्टजवळ राहत होतो, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या एम३मध्ये श्वेबिशे आल्बच्या डोंगराळ रस्त्यांवर शेजारच्या आसनावर बसून फिरण्याचा योग आला. या गाडीचा पहिला गिअर डावीकडे मागे असतो, म्हणजे आपल्या सवयीने जिथे दुसरा असतो तिथे. त्यामुळे शर्यतीत सतत लागणारे दुसरा आणि तिसरा हे दोन गिअर एका सरळ रेषेत येतात. गावातल्या सिग्नलला ही मांडणी त्रासदायक वाटते, पण वळणांचा रस्ता सुरू झाला आणि त्यांचा हात नुसता पुढे-मागे होऊ लागला, तेव्हा ती कशासाठी केली आहे हे न सांगता कळले. मिनिटाला पाच हजार फेऱ्यांखाली ते इंजिन विशेष काही करत नाही, उलट थोडे कुरकुरते. त्यापुढे मात्र सगळी गाडी ताठ होते. ते गृहस्थ वळणाआधी गप्प होत आणि वळण संपल्यावर बोलणे पुढे चालू करत. ती गाडी माणसाकडून पूर्ण लक्ष मागून घेते आणि त्याची चूक त्याच्या पदरात टाकते.

जीटी-आर याउलट माणसाच्या वतीने विचार करते. तिचा संगणक सेकंदाला शंभर वेळा चाकांचा वेग तपासतो आणि मागची चाके घसरू लागली की शक्ती पुढच्या चाकांकडे वळवतो. वर मागची चाके स्वतःच थोडी वळवून घेतो. मला यात दोन संस्कृतींचा फरक दिसतो: जर्मनांनी चालकावर विश्वास ठेवला आणि जपान्यांनी यंत्रावर. हे मत कोणी खोडून काढले तर आनंदच होईल.

योकोहामावासी

घाटमाथा साहेब, आपला आनंद हिरावून घेण्याची माझी इच्छा नाही, म्हणून खोडून काढतो.

जीटी-आर म्हणजे संगणकाचा खेळ, हा समज ती कधी न पाहिलेल्या लोकांत जास्त आढळतो. त्या चारचाकी यंत्रणेचे नाव अटेसा ई-टीएस. नेहमीच्या चालण्यात तिची सगळी शक्ती मागच्याच चाकांना जाते, म्हणजे ती आपल्या एम३सारखीच मागच्या चाकांची गाडी असते. मागची चाके पकड सोडू लागली की तेलाच्या दाबावर चालणारा अनेक पट्ट्यांचा क्लच हळूहळू आवळला जातो आणि गरजेपुरती शक्ती पुढे येते. तीही निम्म्याहून जास्त कधीच नाही. डॅशबोर्डवर एक छोटा काटा आहे, तो पुढच्या चाकांना त्या क्षणी किती टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, मिळतो आहे एवढेच दाखवतो. एका जपानी परिचिताने मला पावसाळी सकाळी हाकोने टर्नपाइकवर नेले होते, तेव्हा मी रस्त्यापेक्षा त्या काट्याकडेच जास्त पाहिले असेन. सरळ रस्त्यावर तो शून्यावर झोपलेला असे. ओल्या वळणातून बाहेर पडताना ते अंमळ लवकर अॅक्सिलरेटर दाबत, गाडीची मागची बाजू किंचित बाहेर सरके, आणि मग काटा थरथरत उठे. मागची बाजू किती सरकू द्यायची हे ते गृहस्थच ठरवत होते. यंत्र चालकाच्या जागी बसते असे ज्यांना वाटते, त्यांनी तो काटा एकदा पाहावा.

आता इंजिनाकडे येतो, कारण आपण रोशे यांच्या करवतीचे कौतुक केलेत ते योग्यच आहे, पण निस्सानचे नागानोरी इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियमपुस्तक ज्या बारकाईने वाचले ते पाहण्यासारखे आहे. ग्रुप एमध्ये टर्बो असलेल्या इंजिनाची क्षमता १.७ने गुणून गट ठरवला जाई. ४५०० सीसीच्या गटात बसायचे तर मूळ इंजिन २६४७ सीसीच्या आत हवे. जीटी-आरचे आरबी२६ इंजिन २५६८ सीसीचे आहे, त्याला १.७ने गुणा, ४३६६ येतात. त्या गटात १२६० किलो किमान वजन आणि दहा इंच रुंद टायर मिळत होते, आणि चारही चाकांना शक्ती देणाऱ्या जड गाडीला नेमके तेच हवे होते. लोक विचारतात की अडीच लिटर का नाही, तीन का नाही, हा २.६चा विचित्र आकडा कुठून आला. तो या गुणाकारातून आला आहे.

परिणाम सर्वांना माहीत आहे. १९९० ते १९९३ या चार हंगामांत जपानी टूरिंग अजिंक्यपदाच्या २९ शर्यती झाल्या आणि २९ही जीटी-आरने जिंकल्या. ऑस्ट्रेलियात तिच्यावर जास्तीचे वजन लादले, टर्बोच्या दाबावर मर्यादा आणली, तरीही ती जिंकत राहिली. ‘गॉडझिला’ हे नाव तिला ऑस्ट्रेलियाच्याच एका नियतकालिकाने दिले, आणि तेसुद्धा ती तिथे शर्यतीत उतरण्याआधी.

जाता जाता एक आठवण करून देतो. मार्च १९८७मध्ये मोंझाला पहिल्या जागतिक टूरिंग अजिंक्यपदाची पहिली शर्यत झाली, तीत पहिल्या सहा क्रमांकांवर एम३ होत्या आणि बॉडीचे पत्रे नियमात बसत नाहीत म्हणून सहाही बाद ठरल्या. विजय गेला होल्डन या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या गाडीकडे. चालकावर इतका विश्वास होता, तर पत्रा पातळ का करावा लागला?

होमोलोगेशनवाला

माझा व्यवसाय पुण्यात गाड्यांच्या प्रमाणन-चाचण्यांचा आहे आणि होमोलोगेशन हा शब्द आमच्याकडे दिवसातून पन्नास वेळा उच्चारला जातो, म्हणून या धाग्यात बोलण्याचा हक्क मी गृहीत धरतो. आमचे होमोलोगेशन म्हणजे गाडी धूर किती सोडते, ब्रेक किती अंतरात लागतो, आरसा कुठे आहे. शर्यतीचे होमोलोगेशन म्हणजे ही गाडी खरोखर विकली गेलेली आहे याचा दाखला. दोन्हींत एक गोष्ट मात्र सारखी: कागदावर जी अट लिहिलेली असते तिच्याभोवतीच अभियंता गाडी बांधतो. मोंझाच्या पत्र्याबद्दल योकोहामावासी यांनी टोमणा मारला आहे, पण नियमाच्या काठावर चालण्यात निस्सानवालेही मागे नव्हते. ग्रुप एमध्ये सुधारित आवृत्तीसाठी आणखी ५०० गाड्या बनवाव्या लागत. निस्सानने ५६० गाड्यांची निस्मो आवृत्ती काढली. तिच्यातून एबीएस काढले, मागच्या काचेचा वायपर काढला आणि मूळ गाडीच्या टर्बोतल्या सिरॅमिकच्या टर्बाइनऐवजी पोलादी टर्बाइन बसवली, कारण शर्यतीच्या दाबाला सिरॅमिक टिकत नाही. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला यातले काय हवे होते? मागचा वायपर गेल्याचा आनंद कोणाला झाला असेल असे वाटत नाही. बीएमडब्ल्यूनेही १९९०मध्ये ६०० गाड्यांची स्पोर्ट एव्होल्यूशन काढली, २.५ लिटरची, २३८ अश्वशक्तीची. तिच्या पुढच्या ओठाला, म्हणजे बंपरखालच्या पट्टीला, आणि मागच्या पंखाला हाताने बदलता येणाऱ्या तीन अवस्था होत्या आणि त्यांपैकी दोघींना मोंझा आणि न्युर्बुर्गरिंग अशी शर्यतीच्या मैदानांची नावे होती. भाजी आणायला जाताना पंख कोणत्या अवस्थेत ठेवायचा, हे बहुधा मालकाने ठरवायचे होते.

माझा मुख्य आक्षेप घाटमाथा यांच्या संस्कृतीच्या सिद्धान्तावर आहे. जर्मन चालकावर विश्वास ठेवतात आणि जपानी यंत्रावर, हे वाक्य ऐकायला छान आहे, पण त्याच वर्षांतली उदाहरणे घेतली की ते कोलमडते. चारही चाकांना शक्ती देऊन ती परिस्थितीप्रमाणे पुढे-मागे वाटणारी, संगणकाच्या ताब्यातली गाडी जीटी-आरच्या आधी कोणी बनवली? पोर्शेने, १९८६मध्ये, ९५९ या नावाने, आपण जिथे राहत होता त्या स्टुटगार्टमध्येच. आणि १९८९ साली, ज्या वर्षी जीटी-आर विक्रीला आली त्याच वर्षी, हलकी, साधी, टर्बो नसलेली, मागच्या चाकांवर चालणारी आणि माणसाला सर्वस्वी स्वाधीन होणारी छोटी उघडी गाडी कोणी आणली? माझ्दाने, हिरोशिमाहून. म्हणजे सिद्धान्त नेमका उलटाही मांडता येतो, आणि जो सिद्धान्त दोन्ही बाजूंनी सारखाच मांडता येतो त्याचा उपयोग मला तरी दिसत नाही.

मग फरक कशाने पडला? माझ्या मते पैशाने, वेळेने आणि घरच्या रस्त्याने. म्युनिकमध्ये घाई होती, म्हणून हाताशी असलेला ब्लॉक, हाताशी असलेले हेड आणि पाच-मालिकेची चाके बसवण्याची पाच बोल्टची रचना उचलून जोडणी झाली. निस्सानमध्ये मात्र १९९०पर्यंत तंत्रज्ञानात जगात पहिले व्हायचे असे ठरवून ९०१ नावाची मोहीम सुरू होती, आणि जपानच्या तेजीच्या त्या वर्षांत पैशाला तोटा नव्हता. घरचा रस्ता म्हणाल तर जर्मनीत वेगमर्यादा नसलेला ऑटोबान होता. जपानमध्ये उत्पादकांनी आपसांत ठरवून घेतलेली २८० अश्वशक्तीची कमाल मर्यादा होती आणि गाडी १८० किमीवर रोखलेली असे. जीटी-आरच्या माहितीपत्रकात छापलेले २८० हे आकडे सभ्यतेखातर होते. मोजमापांत ती त्याहून बरीच जास्त भरे. जिथे माहितीपत्रकातली अश्वशक्ती वाढवून दाखवता येत नाही, तिथे अभियंता आपली हुशारी दुसरीकडे खर्च करतो: चाकांत, क्लचमध्ये, मागच्या ॲक्सलमध्ये. जीटी-आर ही अशी त्या २८०च्या आकड्याचीही लेक आहे.

टॅपेट

कोल्हापुरात माझे गॅरेज आहे. यांपैकी एकही गाडी माझ्या रॅम्पवर आलेली नाही आणि येईल असेही वाटत नाही, तेव्हा माझे मत फुकटचे समजावे.

हेड कापून चालवणे ही गोष्ट वाचायला जितकी सोपी वाटते तितकी ती नाही. आमच्याकडे शिरोलीच्या फाउंड्रीत चाळीस वर्षे काढलेली माणसे आहेत. त्यांना विचाराल तर ती सांगतील की हेडच्या आत पाण्याच्या आणि तेलाच्या वाटा असतात, आणि मधूनच कापले की त्या सगळ्या उघड्या पडतात. रोशे यांनी दोन आठवड्यांत ते इंजिन चालू करून दाखवले याचा अर्थ त्यांना आतली प्रत्येक वाट पाठ होती. हीच माझ्या लेखी थोरवी. दुसरीकडे, जीटी-आरच्या आरबी२६च्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरचा, ऑइल पंप चालवणारा भाग आखूड होता. फेऱ्या जास्त चढवल्या की पंप फुटे आणि तेलाचा दाब जाऊन इंजिन बसे. पुढे तो भाग लांब केला. इतक्या पैशाच्या, इतक्या तेजीच्या काळातल्या इंजिनात अशी चूक राहावी याचे मला नवल वाटते.

तरीही मला एक निवडायला सांगितले तर मी जीटी-आर घेईन. एम३च्या एस१४ इंजिनात टॅपेटमधले, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांमधले, अंतर ठरावीक किलोमीटरनंतर मापाच्या चकत्या बदलून जुळवत बसावे लागते. माझे टोपणनाव पाहता मला हे आवडायला हवे होते, पण सोळा व्हॉल्व्हांची मापे घेत बसणे रात्री नऊनंतर कोणालाच आवडत नाही.

घाटमाथा

होमोलोगेशनवाला यांचा ९५९चा मुद्दा मान्य करतो. माझ्दाचा मुद्दा तर मला स्वतःला सुचायला हवा होता. संस्कृतीचा सिद्धान्त मागे घेतो. गाडीबद्दलचे मत मागे घेत नाही.

२९ पैकी २९ या आकड्याने मी फारसा भारावत नाही, आणि त्याचे कारण सांगतो. जपानमधल्या त्या शर्यतींत जीटी-आरच्या गटात तिच्याशी बरोबरी करील अशी दुसरी गाडी राहिली नव्हती. शेवटी शेवटी ती स्वतःशीच शर्यत करत होती. एम३ खालच्या गटातली गाडी होती. तिच्यासमोर तिच्यापेक्षा कितीतरी जास्त अश्वशक्तीच्या फोर्ड सिएरा आरएस५०० होत्या, आणि तरीही १९८७चे जागतिक अजिंक्यपद चालकांमध्ये एम३च्या रोबेर्तो राव्हालिया यांना मिळाले. बेल्जियममधली स्पाची चोवीस तासांची शर्यत एम३ने १९८७, १९८८, १९९० आणि १९९२ अशी चार वेळा जिंकली. १९८७ची कोर्सिकाची रॅलीसुद्धा तिने जिंकली, बर्नार बेगाँ यांच्या हातून, आणि ती तर डोंगरातल्या अरुंद डांबरी रस्त्यांवरची स्पर्धा आहे. एकच गाडी मैदानी शर्यतीत, चोवीस तासांत आणि डोंगरात जिंकते, याला मी थोरवी म्हणतो. जीटी-आरला डोंगरातल्या रॅलीत कोणी पाहिले आहे?

योकोहामावासी

स्पाच्या यादीत १९८८नंतर थेट १९९० आणि १९९०नंतर थेट १९९२ आले. १९८९ फोर्डने जिंकले हे ठीक. १९९१चे वर्ष मात्र आपण घाईत गाळले असावे. त्या वर्षी स्पाला अँडर्स ओलोफसन, डेव्हिड ब्रॅबहॅम आणि नाओकी हात्तोरी यांची जीटी-आर पहिली आली, आणि मैदानात एम३ काही कमी नव्हत्या. जपानबाहेर, एम३च्या अंगणात, चोवीस तास चालून. मकाउच्या गिया शर्यतीतही असेच झाले: १९९०मध्ये मासाहिरो हासेमी यांनी ती जीटी-आरमधून जिंकली आणि पुढची दोन वर्षे एमानुएले पिर्रो यांनी एम३मधून. तेव्हा जीटी-आर फक्त स्वतःशी लढली, हे म्हणणे पुरते खरे नाही. राव्हालिया यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण त्या वर्षीचे गुण गटवार मिळत, आणि संघांचे अजिंक्यपद शेवटी त्याच फोर्डकडे गेले, हेही वाचकांना कळू द्यावे.

रॅलीचा मुद्दा बरोबर आहे. जड आणि रुंद गाडी त्यासाठी बनवलेलीच नव्हती.

आता दोघींना खरोखर ओळखणाऱ्या एका माणसाकडे येतो. न्यूझीलंडचे जिम रिचर्ड्स यांनी १९८७चे ऑस्ट्रेलियन टूरिंग अजिंक्यपद एम३मधून जिंकले. १९९०चे त्यांनी जुन्या स्कायलाइनने सुरू करून जीटी-आरने पूर्ण केले, आणि १९९१चे पूर्णपणे जीटी-आरमधून घेतले. याच माणसाने मार्क स्केफ यांच्यासोबत १९९१ आणि १९९२ अशी सलग दोन वर्षे ऑस्ट्रेलियातली बॅथर्स्टची शर्यत जीटी-आरमधून जिंकली. जे चालकाचे कौशल्य एम३मध्ये लागते ते जीटी-आरमध्ये निरुपयोगी असते तर एकच चालक दोन्हींत अजिंक्य कसा ठरला असता?

आणि आपण स्कायलाइनचे मूळ विसरू नये. १९६४मध्ये सुझुकाच्या जपान ग्रांप्रीत प्रिन्स कंपनीची लांब नाकाची स्कायलाइन एका फेरीपुरती पोर्शे ९०४च्या पुढे निघाली. त्या एका फेरीवर एका अख्ख्या पिढीने प्रेम केले. दोन वर्षांनी प्रिन्स निस्सानमध्ये विलीन झाली, १९६९मध्ये पहिली जीटी-आर आली, १९७३नंतर ते नाव बंद पडले आणि सोळा वर्षांनी आर३२वर परत लागले. ते नाव ज्यांनी परत लावले त्या इतो यांनी स्कायलाइनचे जनक मानले जाणारे शिनिचिरो साकुराई यांच्या हाताखाली काम केलेले होते. एम३च्या मागे इतकी जुनी ओढ नव्हती, घाई होती, हे होमोलोगेशनवाला यांनी सांगितलेच आहे.

संथवाहक

मी या वादात नवखा आहे आणि एकच गोष्ट नोंदवतो. त्या काळातली एम३ कारखान्यातून फक्त डाव्या बाजूच्या स्टिअरिंगने निघाली आणि जीटी-आर फक्त उजव्या. भारतात डाव्या स्टिअरिंगची जुनी गाडी आणता येत नाही, आणि उजव्या स्टिअरिंगची वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असली तर तीही आणता येत नाही. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी या दोन्ही गाड्या प्लेस्टेशनच्या पडद्यावर चालवल्या आहेत, जिथे स्टिअरिंग कोणत्याही बाजूला नसते. घाटमाथा आणि योकोहामावासी या दोघांनी निदान शेजारी बसून पाहिले आहे. चालवले मात्र त्यांनीही नाही, आणि थोरवीचा निवाडा दोघेही शेजारच्या आसनावरून देत आहेत.

घाटमाथा

संथवाहक यांचा टोला मला लागला, आणि तो योग्य जागी लागला.

१९९१ गाळल्याबद्दल योकोहामावासी यांची क्षमा मागतो. ते मी मुद्दाम गाळले होते. जिम रिचर्ड्स यांच्याबद्दल मी उत्तर देऊ शकत नाही, पण त्यांचे नाव निघाले म्हणून १९९२चे बॅथर्स्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्या दिवशी मैदानात एक एम३ डेनी हल्म चालवत होते. १९६७चे फॉर्म्युला वन जगज्जेते, रिचर्ड्स यांच्याच देशाचे, वय छप्पन्न. लांब सरळ रस्त्यावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्याही अवस्थेत गाडी कडेला येऊन थांबली, पण ते वाचले नाहीत. पुढे पाऊस इतका वाढला की गाड्या एकामागून एक भिंतींवर जाऊ लागल्या, आणि त्यांत आघाडीवरची रिचर्ड्स यांची जीटी-आरसुद्धा होती. शर्यत थांबवली गेली. निकाल आधीच्या पूर्ण झालेल्या फेरीवरून धरला, म्हणून मोडलेली जीटी-आर पहिली ठरली. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. आपला जुना मित्र गेल्याचे नुकतेच समजलेले रिचर्ड्स मंचावरून त्यांच्यावर संतापून बोलले. ऑस्ट्रेलियात ग्रुप ए तिथेच संपले. पुढच्या वर्षापासून होल्डन आणि फोर्ड यांच्या पाच लिटरच्या व्ही८ गाड्यांचे राज्य आले, आणि त्यात जीटी-आरला जागा नव्हती.

योकोहामावासी, आपल्या त्या यंत्रणेचा काटा त्या ओल्या फेरीत किती वर उठला असेल, आणि तरीही गाडी का सुटली, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. डिसेंबरमध्ये आपण पुण्यात येणार असे म्हणाला होता. टपरी तीच आहे.

योकोहामावासी

येतो. त्या फेरीत पुढच्या वळणावर रस्ता उरला नव्हता, पाणी होते, आणि चारही चाके एकदमच सुटली की वाटून द्यायला काही शिल्लक राहत नाही. काटा तेव्हा बहुधा अर्ध्यावर होता. मत मात्र बदललेले नाही, चहाचे पैसे आपण द्यायचे.